पिढी बदलते तेव्हा काय टिकते?

मोबाइल दूरसंचाराच्या तंत्रज्ञानाची मोजणी पिढ्यांनी केली जाते, आणि वन-जीपासून फाइव्ह-जीपर्यंतच्या या पिढ्यांची तुलना करताना बहुधा वेगाचे आकडे एकापुढे एक मांडले जातात. परंतु त्या आकड्यांच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे, तो असा की, एक पिढी जाऊन दुसरी आली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या दोहोंना एकाच परंपरेच्या पिढ्या ठरवणारे, दोहोंतही टिकून राहिलेले असे नेमके काय असते. काहीच टिकत नसेल, तर ती एका वस्तूची वाढ नव्हे, एका वस्तूच्या जागी दुसऱ्या वस्तूची स्थापना होय. आणि काही टिकत असेल, तर ते सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लगोलग उभा राहतो. भारतीय दर्शनांनी आत्मा, देह, वस्तू आणि काळ यांच्या संदर्भात या प्रश्नाचा अत्यंत कसून विचार केला आहे, आणि त्या विचाराच्या तीन धारा आजच्या वाशीम जिल्ह्याच्या भूमीशी जोडलेल्या आहेत. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम ही ज्यांची राजधानी होती त्या वाकाटकांच्या काळात बहरलेल्या अजिंठ्याचा बौद्ध विचार ही एक, कारंजा येथील दिगंबर जैन विद्यापरंपरा ही दुसरी, आणि त्याच कारंजात जन्मलेल्या नृसिंह सरस्वतींचा दत्तसंप्रदाय ही तिसरी. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या लहानशा जिल्ह्याला मोबाइलच्या पिढ्यांचा विचार करण्यासाठी बाहेरून तत्त्वज्ञान आणावे लागत नाही.

प्रथम पिढ्यांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. १९७९ मध्ये टोकियोत आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील शिकागोत सुरू झालेली पहिली पिढी अनुरूप, म्हणजे अॅनालॉग पद्धतीची होती. तीत आवाजाच्या चढउतारांप्रमाणेच रेडिओलहरीत चढउतार घडवले जात आणि प्रत्येक संभाषणाला वारंवारतेचा एक स्वतंत्र पट्टा दिला जाई. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पिढीने आवाजाचे अंकांत रूपांतर केले आणि २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा काळाच्या आठ बारीक तुकड्यांत विभागून तो आठ संभाषणांना आळीपाळीने वापरू दिला. तिसऱ्या पिढीत अनेक संभाषणे एकाच रुंद पट्ट्यात एकाच वेळी सोडली जातात आणि प्रत्येकाला दिलेल्या वेगळ्या सांकेतिक मालिकेवरून ती ओळखली जातात. चौथ्या पिढीने तो पट्टा शेकडो अरुंद उपलहरींत विभागला आणि आवाजासाठी राखलेला स्वतंत्र मार्गच काढून टाकून आवाज, चित्र आणि मजकूर या सर्वांची सारख्याच पुडक्यांत, म्हणजे डेटा पॅकेटमध्ये, वाहतूक सुरू केली. पाचवी पिढी लहरींच्या रचनेत चौथीचीच सख्खी नातलग आहे. तिचे वैशिष्ट्य पट्ट्यांची लवचीक रुंदी, अनेक अँटेनांच्या साहाय्याने एकेका ग्राहकाकडे वळवता येणारा झोत आणि संदेश पोचण्यातील अत्यल्प विलंब यांत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चौथ्या पिढीसाठी स्थिर ग्राहकाला सेकंदाला १ गिगाबिट आणि पाचवीसाठी कमाल २० गिगाबिट अशी उद्दिष्टे ठरवली. प्रत्यक्ष गावात मिळणारा वेग त्यांच्या जवळपासही नसतो, ही गोष्ट वेगळी.

या वर्णनावरून पिढ्या एकामागोमाग एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या असतात असा समज होतो, आणि तो समज इतिहासाने खोटा ठरवला आहे. भारतात व्यावसायिक मोबाइल सेवेची पहिली पिढी कधी आलीच नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी केलेले देशातील पहिले मोबाइल संभाषण हेच मुळी टू-जीवर झाले. जन्माचा क्रम मोडतो तसा मृत्यूचाही मोडतो. जर्मनीतील कंपन्यांनी २०२१ मध्ये थ्री-जी बंद केले आणि टू-जी चालू ठेवले. भारतात एअरटेलनेही २०२० च्या सुमारास हेच केले. म्हणजे धाकटी पिढी आधी गेली आणि थोरली मागे राहिली. देशात खासगी कंपन्यांचे फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि सरकारी मालकीच्या बीएसएनएलचे स्वदेशी फोर-जी त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२५ रोजी, राष्ट्राला अर्पण झाले. शिवाय पिढ्यांच्या सीमा निसर्गाने आखलेल्या नाहीत. पहिल्या दोन पिढ्यांना त्यांचे क्रमांक मागाहून मिळाले, आणि सुरुवातीला ज्या प्रणाली चौथ्या पिढीच्या कसोटीला उतरत नव्हत्या, त्यांनाही फोर-जी म्हणण्यास आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने डिसेंबर २०१० मध्ये मोकळीक दिली. जैन परिभाषेत सांगायचे, तर पिढीचा क्रमांक हा व्यवहारनयाचा, म्हणजे लोकव्यवहाराच्या सोयीसाठी स्वीकारलेल्या दृष्टीचा विषय आहे. वस्तूच्या स्वरूपाविषयी तो थोडेच सांगतो.

मग वस्तूचे स्वरूप कोणते? बौद्धांचे उत्तर सर्वांत धीट आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा शेवटचा बलाढ्य राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरवून घेतले, आणि हरिषेणाच्याच एका मांडलिकाने कोरवलेल्या १७ व्या लेण्यातील लेखात भावाच्या मृत्यूनंतर दात्याच्या मनात उभ्या राहिलेल्या अनित्यतेच्या जाणिवेचा उल्लेख आहे. ही अनित्यता म्हणजे केवळ शोकातून आलेली हळवी भावना नव्हे. पुढे बौद्ध तार्किकांनी तिचा क्षणिकवाद बनवला, ज्यानुसार प्रत्येक वस्तू क्षणभरच असते आणि पुढच्या क्षणी तिच्या जागी तिच्यामुळेच उपजलेली दुसरी वस्तू असते. या क्षणांच्या ओळीला संतान म्हणतात. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन स्थविर राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतात : पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नव्हे, आणि तरीही ती दुसऱ्या दिव्याची ज्योत नव्हे.

मोबाइल जाळ्यातील हस्तांतराची, म्हणजे हँडओव्हरची, क्रिया या मतासाठी जणू मुद्दाम घडवलेली वाटते. वाशीमहून मंगरुळपीरकडे निघालेल्या एसटीत बसलेला प्रवासी बोलत असतो तेव्हा त्याचा फोन आसपासच्या टॉवरांच्या संदेशांची तीव्रता सतत मोजून जाळ्याला कळवत असतो, आणि एका टॉवरचा क्षीण होऊन दुसऱ्याचा बळकट झाला की संभाषण दुसऱ्याकडे सोपवले जाते. दुसऱ्या पिढीत हे हस्तांतर कठोर प्रकारचे असते. जुना दुवा आधी तुटतो, नंतर नवा जुळतो, आणि मधली पोकळी इतकी अल्प असते की कानाला ती सहसा जाणवत नाही. संभाषण सलग वाटते, परंतु ते वाहणाऱ्या दुव्यांपैकी एकही सलग नसतो. बौद्ध तार्किकाला याहून अधिक काही सांगायचे नाही, कारण त्याच्या मते पिढ्यांचेही असेच आहे : एक पिढी संपली, त्यामुळे आणि तिच्या जागी दुसरी उपजली, आणि मोबाइल जाळे नावाची टिकाऊ वस्तू ही या ओळीला दिलेले केवळ नाव होय.

या मताची शक्ती मान्य करूनही त्यात एक उणीव दिसते. कठोर हस्तांतरातही संभाषण तुटत नाही, कारण ज्या नियंत्रण केंद्राने ते सुरू करून दिले, तेच केंद्र टॉवर बदलले तरी त्या संभाषणाची सूत्रे हाती धरून बसलेले असते. त्याशिवाय तिसऱ्या पिढीने मृदू हस्तांतराची रीत रूढ केली, जीत फोन काही काळ दोन्ही टॉवरांशी बोलतो आणि नवा दुवा पक्का झाल्यावरच जुना सोडतो. चौथ्या पिढीने पुन्हा कठोर रीत स्वीकारली, आणि पाचवीच्या २०२० च्या सुमारास पूर्ण झालेल्या मानकांत जुना दुवा राखून नवा जोडण्याची सोय परत आली. म्हणजे आधी तोडावे की आधी जोडावे, हा निर्णय वस्तूच्या स्वभावाने ठरलेला नसून रचणाऱ्याच्या हातात असतो, आणि जेथे निर्णय आहे तेथे जबाबदारीही आहे. क्षणिकवाद बदल समजावतो, परंतु बदल कसा करावा हे तो सांगू शकत नाही, कारण ज्याच्या हिताने ते ठरवावे असा टिकणारा कोणी त्याने शिल्लकच ठेवलेला नाही. बौद्ध यावर करुणेचे उत्तर देतील, आणि ते उत्तर थोर आहे. पण ते त्यांच्या तर्कशास्त्रातून निघत नाही, त्यांच्या नीतीतून येते.

कारंजा येथील जैन परंपरेचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आणि, या प्रश्नापुरते तरी, अधिक उपयोगी आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर परंपरेच्या तीन शाखांची मंदिरे ज्या गावात आहेत आणि भट्टारकांनी, म्हणजे मठाधिपतींनी, जेथे शतकानुशतके हस्तलिखिते जपली, त्या कारंजाचे नाव विसाव्या शतकात विद्वानांच्या जगात गाजले ते तेथील ग्रंथभांडारांमुळे. प्रा. हिरालाल जैन यांच्या पुढाकाराने कारंजा जैन ग्रंथमाला निघाली, आणि तीत पुष्पदंत या दहाव्या शतकातील अपभ्रंश कवीचे जसहरचरिउ हे काव्य परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित करून छापले. ताडपत्र झिजले तेव्हा कागदावर आणि कागद कुजला तेव्हा नव्या कागदावर उतरलेला मजकूर शेवटी छापील पुस्तकात आला. अंकीय दूरसंचाराचे मर्मही हेच आहे. पहिल्या पिढीत लहरीबरोबर खरखरही वाढवून पुढे पाठवली जाई. दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक टप्प्यावर संदेशातील अंक ओळखून ते नव्याने लिहिले जातात, जसा जाणता लेखनिक मूळ पोथीवरील शाईचे डाग न उतरवता अक्षरेच उतरवतो.

जैन दर्शनानुसार प्रत्येक सद्वस्तूत एकाच वेळी तीन गोष्टी असतात : नव्या अवस्थेचा उत्पाद म्हणजे उत्पत्ती, जुन्या अवस्थेचा व्यय म्हणजे नाश, आणि दोहोंतून टिकणारे ध्रौव्य. अवस्थेला पर्याय आणि ज्याच्या त्या अवस्था असतात त्याला द्रव्य म्हणतात. परंतु द्रव्य हे पर्यायांच्या मागे लपलेले वेगळे काही नव्हे, ते पर्यायांतच असते आणि पर्याय त्याचेच असतात. मोबाइलच्या पिढ्यांना हा विचार लावला असता जे टिकते ते सहज सापडते. ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकेकाळी केवळ टू-जीसाठी वापरला जात होता. त्याच पट्ट्यातील काही भागावर पुढे थ्री-जी आणि नंतर फोर-जी चालले. लिलावात घेतलेला पट्टा कोणत्याही तंत्रज्ञानासाठी वापरण्याची मुभा भारतात आल्यापासून हे रूपांतर नियमाने होते. लहर तीच, तिच्यावर संदेश बसवण्याची रीत बदलली. फाइव्ह-जीसाठी राखलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरींचे नावीन्यही सापेक्ष आहे, कारण जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात ज्या लहरींवर प्रयोग केले, त्यांतील काहींची लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे या लहरींहूनही आखूड होती. काटेकोर जैन परिभाषेत लहरींच्या पट्ट्याला द्रव्य म्हणता येणार नाही, कारण प्रकाश आणि ध्वनी हे त्या दर्शनात पुद्गलाचे, म्हणजे जडद्रव्याचे पर्याय मानले आहेत. तरीही पिढ्यांच्या तुलनेत पट्ट्याचे स्थान द्रव्यासारखे आणि पिढीचे स्थान पर्यायासारखे आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

येथवरचा विचार वस्तूपुरता झाला. तो माणसांपर्यंत नेण्याचे काम समंतभद्र या प्राचीन दिगंबर आचार्यांनी आप्तमीमांसा या ग्रंथातील एका दृष्टान्ताने केले आहे, आणि या निबंधाच्या दृष्टीने तो दृष्टान्त सर्वांत महत्त्वाचा आहे. सोन्याचा घट वितळवून मुकुट घडवला जातो, तेव्हा ज्याला घट हवा होता त्याला शोक होतो, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद होतो, आणि ज्याला सोनेच हवे होते तो मध्यस्थ, म्हणजे तटस्थ राहतो. मीमांसक कुमारिल भट्टांनीही जवळपास असाच दृष्टान्त वापरला. समंतभद्रांचा हेतू तार्किक आहे : एकाच घटनेमुळे तिघांना तीन भिन्न भाव होतात आणि तिन्ही सकारण असतात, म्हणून नाश, उत्पत्ती आणि स्थिती या तिन्ही त्या घटनेत खरोखरच असल्या पाहिजेत. परंतु या तर्कातून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते, ती ही की शोक हे अज्ञान नव्हे. ज्याचा घट मोडला त्याला सोने तर तसेच आहे असे समजावणारा मनुष्य अर्धेच सत्य सांगतो, कारण घटात पाणी भरता येत होते आणि मुकुटात ते भरता येत नाही. वापर हा पर्यायाचा असतो, द्रव्याचा नसतो.

मोबाइलच्या पिढ्यांच्या चर्चेत तीनही माणसे स्पष्ट दिसतात. मुकुटाची इच्छा असणारा म्हणजे वेगवान डेटा हवा असणारा ग्राहक आणि तो विकणारी कंपनी. त्यांचा आनंद खोटा नाही, कारण ५ सप्टेंबर २०१६ रोजी केवळ फोर-जीवर उभ्या राहिलेल्या जिओच्या सेवेनंतर इंटरनेट खेड्यापाड्यांत पोचले, हे कोणीही नाकारू शकत नाही. सोन्याची इच्छा असणारा म्हणजे पट्ट्याच्या मूल्यावर नजर ठेवणारा, लिलाव करणारा किंवा लिलावात बोली लावणारा. घटाची इच्छा असणारा म्हणजे साध्या बटणाच्या फोनवर ज्याचे काम भागते तो मनुष्य, आणि देशातील या वर्गाचा आकडा लहान नाही. ३१ जुलै २०२० रोजी, पहिल्या मोबाइल संभाषणाला २५ वर्षे झाली त्या दिवशी, मुकेश अंबानी यांनी देश टू-जीमुक्त करण्याचे आवाहन करताना अशा ग्राहकांची संख्या ३० कोटी सांगितली होती. त्या आवाहनात हे ग्राहक जुन्या युगात अडकलेले म्हणून आले; समंतभद्रांच्या दृष्टीने पाहता ते घटार्थी, म्हणजे एका विशिष्ट वापराची न्याय्य गरज असलेले लोक ठरतात.

या दृष्टान्तातील तटस्थ माणसाच्या जागी राज्यसंस्थेला बसवण्याचा मोह होतो, कारण टू-जी चालो वा फाइव्ह-जी, पट्टा तिचाच असतो आणि लिलावाचे उत्पन्नही तिलाच मिळते. भारतीय न्यायव्यवस्थेने मात्र तिला हे आसन दिलेले नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात म्हटले, आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जी पट्टावाटपाचे १२२ परवाने रद्द करताना राज्य हे नैसर्गिक संपत्तीचे लोकांसाठी नेमलेले विश्वस्त असल्याचे तत्त्व पुन्हा मांडले. विश्वस्ताला तटस्थ राहता येत नाही. ज्याचे सोने आहे त्यालाच घट हवा असेल, तर मुकुट घडवण्यापूर्वी त्याच्या पाण्याची सोय करणे हे विश्वस्ताचे कर्तव्य ठरते.

वाशीम जिल्ह्यात ही सोय म्हणजे काय, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, जीत सोयाबीन, तूर किंवा कपाशी पेरलेल्या शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाइलवरील अॅपद्वारे पिकाचे छायाचित्र आणि नोंद पाठवायची असते, आणि तीच नोंद पुढे सातबारावर येते. बटणाचा फोन असलेल्या शेतकऱ्याला त्यासाठी मुलाच्या, शेजाऱ्याच्या किंवा नेमलेल्या सहायकाच्या हातातील स्मार्टफोनवर विसंबावे लागते. उलट आधारशी जोडलेला ओटीपी, बँकेचा संदेश आणि नातलगाचा आवाज या तिन्ही गोष्टी त्याच बटणाच्या फोनवर, टू-जीच्या रेंजमध्ये, आजही व्यवस्थित येतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान असल्यामुळे देशभरच्या बंजारा समाजाचे तीर्थ आहे, आणि त्या समाजाची गोरबोली मुख्यतः मुखातून मुखात चालत आलेली आहे. तांड्यावरची जी म्हातारी लिहीत-वाचत नाही आणि जिचा मुलगा ऊसतोडीला परमुलखात गेला आहे, तिच्यासाठी आवाज हेच संपूर्ण जाळे असते. पहिल्या पिढीपासून पाचवीपर्यंत मानवी मूल्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी झेप कोणती, असे विचारले, तर तिचे उत्तर मुळीच न बोलता येण्यापासून बोलता येण्यापर्यंतची, हेच असेल, आणि ते उत्तर गिगाबिटच्या कोणत्याही आकड्याने खोडता येणार नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २३ डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीने डेटा न घेता केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले, तेव्हा घटार्थी मनुष्य अस्तित्वात आहे, याची कायद्याने दिलेली ती कबुलीच होती.

टिकणारे तत्त्व म्हणून पट्टा दाखवून जैन विचार थांबला असता, तर तो अपुरा ठरला असता, कारण सोन्याला घटार्थ्याची आठवण नसते. येथे कारंजाचीच तिसरी परंपरा उपयोगी पडते. गुरुचरित्रातील कथेनुसार कुरवपूर येथे श्रीपाद श्रीवल्लभांनी मंदबुद्धी मुलाच्या दुःखाने जीव द्यायला निघालेल्या एका ब्राह्मण स्त्रीला वाचवले आणि पुढील जन्मी आपल्यासारखाच पुत्र तिच्या पोटी येईल, असा वर दिला. ती स्त्री पुढल्या जन्मी कारंजात अंबा म्हणून जन्मली आणि तिच्या पोटी नृसिंह सरस्वती आले. श्रद्धावान भक्त या कथेत एकाच दत्ततत्त्वाचे दोन अवतार पाहतो, आणि त्या श्रद्धेविषयी येथे काही म्हणायचे नाही. तात्त्विक दृष्टीने लक्षात घेण्याजोगे हे आहे की, या कथेत एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे काय गेले, या प्रश्नाचे उत्तर बौद्धांच्या संतानाने किंवा जैनांच्या द्रव्याने दिले जात नाही. ते दिलेल्या वचनाने मिळते. देह बदलला, गाव बदलले, आईचेही पहिले आयुष्य संपले, परंतु शब्द दिलेला होता म्हणून पुढचा जन्म मागच्याशी बांधलेला राहिला. वचन हे वस्तूसारखे आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते पाळावे लागते.

दूरसंचाराच्या रचनेत अशी वचने जागोजाग लिहिलेली आहेत. फोर-जी आले तेव्हा त्याच्या जाळ्यात आवाजाची सोय सर्वत्र नव्हती, म्हणून कॉल येताच फोन आपोआप टू-जी किंवा थ्री-जीवर उतरे आणि बोलणे संपल्यावर परत वर जाई. नवी पिढी जुनीच्या आधाराने बोलत होती. एअरटेलने फाइव्ह-जी सुरू केले तेही प्रारंभी फोर-जीच्या गाभ्यावर बसवून, तर जिओने स्वतंत्र गाभा उभारला. ग्राहकाचा क्रमांक पिढी बदलली तरी तोच राहतो, आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरीही तो राखता येतो. जुलै २०१७ मध्ये घोषित झालेला जिओफोन आणि जुलै २०२३ मधील ९९९ रुपयांचा जिओभारत हे बटणाचेच फोन होते, पण फोर-जीवर चालणारे; घट मोडूनही घटाचा आकार राखता येतो, हे त्यांनी दाखवले. याउलट वचन नीट न पाळल्यास काय होते, हे ऑस्ट्रेलियात दिसले. तेथे थ्री-जी बंद करण्याची वेळ आली तेव्हा असे आढळले की अनेक फोन दैनंदिन व्यवहार फोर-जीवर करत असले, तरी आपत्कालीन क्रमांक लावताना थ्री-जीवरच उतरतात; त्यामुळे बंद करण्याची तारीख ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपर्यंत पुढे गेली, आणि असे फोन जाळ्यावर घेऊच नयेत, असा नियम सरकारला करावा लागला.

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. जुने जाळे चालू ठेवणे हे स्वस्त पुण्य नव्हे. त्याला वीज लागते, मिळेनासे झालेले सुटे भाग लागतात, आणि त्याने अडवलेल्या पट्ट्यात फोर-जी कितीतरी अधिक लोकांची सेवा करू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टू-जीची सुरक्षितता दुबळी आहे : त्या पिढीत जाळे फोनची ओळख पटवून घेते, फोन मात्र जाळ्याची ओळख पटवून घेऊ शकत नाही, आणि या उणिवेचा फायदा घेऊन खोटा टॉवर उभारून फसवे संदेश पाठवता येतात. साध्या फोनचा ग्राहक, ज्याच्या कैवारासाठी टू-जी राखायचे, तोच या फसवणुकीला सर्वांत सहज बळी पडू शकतो. म्हणून टू-जीला चिरंजीव करणे हे उत्तर होऊ शकत नाही, आणि जैन विचारही तसे म्हणणार नाही, कारण व्ययाशिवाय सत्ता, म्हणजे अस्तित्व, नाही हीच त्याची शिकवण आहे. परंतु वचन तंत्रज्ञानाला दिलेले नव्हते. ते ज्याने फोन विकत घेतला, क्रमांक घेतला आणि वर्षानुवर्षे रिचार्ज केले त्या माणसाला दिलेले होते. श्रीपादांनी आपला देह राखण्याचे वचन दिले नव्हते, त्या स्त्रीला पुत्र देण्याचे दिले होते. टू-जी जाऊ शकते. त्याने दिलेले बोलणे, संदेश आणि आपत्काळी ११२ क्रमांकाला लागणारा फोन, हे जाऊ शकत नाही.

म्हणून पिढ्यांची तुलना करताना वेगाच्या आधी हस्तांतराची रीत पाहिली पाहिजे. जी पिढी मागच्या पिढीच्या शेवटच्या ग्राहकाला हाताशी धरून मगच जुना दुवा सोडते, ती खऱ्या अर्थाने तिची उत्तराधिकारी. जी आधी तोडते आणि जोडणे ग्राहकाच्या ऐपतीवर सोपवते, ती कितीही वेगवान असली तरी तिचा क्रमांक केवळ जाहिरातीचा राहतो. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत टू-जी कधीतरी बंद होईल. ते बंद करणाऱ्या कंपन्यांनी आणि त्यांना परवानगी देणाऱ्या शासनाने त्यापूर्वी प्रत्येक गावात आणि तांड्यावर फोर-जीवरून आवाज खरोखर पोचतो की नाही हे मोजून तो तपशील ग्रामसभेसमोर ठेवावा, बटणाच्या फोनच्या बदल्यात फोर-जीवर बोलता येणारा बटणाचाच फोन परवडेल अशा दरात द्यावा, ११२ लागतो याची त्या त्या फोनवर चाचणी घ्यावी, आणि हे पूर्ण होईपर्यंत जुने टॉवर चालू ठेवावेत.